चौथं पान

फ्रेझ्नो
१४ एप्रिल २०१९

प्रिय काशिया,

तुझ्या काकांचा सेंट पॉलचा पत्ता मला शाळेच्या ऑफिसातून मिळाला. असे पत्ते द्यायचे नसतात. पण तिथल्या बाई मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेल्या. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. उत्तर लिहायलाच हवं असं काही नाही.

तिकडे अजून बर्फ आहे म्हणे. इथे बदामाचा बहर कधीच झडला, आता पीच धरलेत. शनिवारचा मानसशास्त्राचा वर्ग चालू आहे. बारापैकी आठ जण येतात. दोघांच्या घरच्यांनी त्यांना काढून घेतलं, चेके नाही आणि तू नाहीस.

मागच्या शनिवारी कोर्टासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ आले होते. गुन्हा करताना आरोपीचं मन ताळ्यावर होतं की नव्हतं हे ते न्यायाधीशांना सांगतात. आपल्या ओडेसाने त्यांना तोंडावर विचारलं, "म्हणजे वेडं कोण ते ठरवायचा पगार मिळतो तुम्हाला?" ते म्हणाले, "हो, आणि घरी तेच काम फुकट करतो." सगळे हसले. तू असतीस तर हसली नसतीस. तू वहीत काहीतरी लिहिलं असतंस आणि दहा मिनिटांनी असा प्रश्न विचारला असतास की पाहुण्याला खुर्ची पुढे ओढून बसावं लागलं असतं.

मला तुझा पहिला दिवस आठवतो. मी सगळ्यांना विचारलं होतं, इथे का आलात. कुणी म्हणालं खायला मिळतं म्हणून, कुणी म्हणालं कॉलेजच्या अर्जावर बरं दिसतं. तू म्हणालीस, आमच्या ह्मोंग भाषेत माणूस उदास झाला की त्याचं काळीज अवघड झालं म्हणतात, आणि माझ्या नावाचा अर्थ काळीज उजळणं. दवाखान्याच्या फॉर्मवर हे कुठल्या रकान्यात लिहायचं? पंचवीस वर्षं मी ते फॉर्म भरून घेते आहे. तसा रकाना त्यात नाही. त्या दिवशी घरी जाताना वाटलं होतं, हा वर्ग काढला तो या एका मुलीसाठी काढला असं म्हणायलाही हरकत नाही. या खोऱ्यात इतके ह्मोंग, इतके मेक्सिकन, पंजाबी, काळे लोक, आणि त्यांचं ऐकून घ्यायला त्यांच्यातलं माणूस जवळजवळ कुणीच नाही. मी तरी किती दिवस पुरणार.

म्हणून हे लिहिते. विद्यापीठात उन्हाळ्यात तुमच्या वयाच्या मुलांसाठी सहा आठवड्यांचं शिबिर असतं, प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. अर्ज मेच्या दहा तारखेपर्यंत घेतात. माझं शिफारसपत्र लिहून तयार आहे, दोन पानांचं. तू फक्त अर्जावर सही कर.

परत ये, काशिया. तुझ्यावर कुणाचा राग नाही. चौकशी संपली आहे, आणि शाळेच्या मंडळाने कुणालाही दोषी धरलेलं नाही. जे झालं त्यात आपण सगळेच कुठे ना कुठे कमी पडलो. ते आता मागे ठेवायला हवं.

तुझी,
मिस बारागान


फ्रेझ्नो
१० जून २०१९

प्रिय काशिया,

शिबिराच्या अर्जाची तारीख गेली. हरकत नाही, पुढच्या वर्षीही असतं.

शुक्रवारी बारावीच्या मुलांचा समारंभ झाला. चेकेचं नाव वाचलं तेव्हा त्याचं प्रमाणपत्र घ्यायला त्याची आई ओफेलिया वर गेली. फळं निवडून भरतात त्या पॅकहाउसमधून थेट आली होती, केसांना अजून जाळी होती. कुणीतरी मागून ती काढून घ्यायला हात पुढे केला, तर तिने मान बाजूला केली. प्रमाणपत्र तिने दोन्ही हातांनी धरलं. खाली उतरताना ती माझ्यासमोरून गेली आणि थांबली. "डॉक्टरीणबाई," एवढंच म्हणाली, आणि गेली.

तुला माहीत नसेल, मी आणि ओफेलिया पॅकहाउसमध्ये एकाच सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहून पीच निवडायचो. मी सतरा वर्षांची होते, ती एकोणीस. मी शिकायला गेले, ती राहिली. चेकेला शनिवारी धाकट्या बहिणीला सांभाळायचं असायचं, म्हणून ती त्याला वर्गाला सोडायला तयार नव्हती. मी तिच्या घरी जाऊन तासभर बसले. म्हटलं, तुझा मुलगा माणसांकडे बघतो, सगळ्या मुलांना ते येत नाही, त्याला माझ्याकडे दे. तिने दिला. मुलीला शेजारणीकडे ठेवायला लागली.

ती तुझ्या वडिलांच्या गाळ्यावर जाऊन जे बोलली ते मला उशिरा कळलं. शनिवारचा बाजार भरलेला, तुमच्या कुळातली निम्मी माणसं आजूबाजूच्या गाळ्यांवर, आणि त्या सगळ्यांसमोर ती म्हणाली, "तुमच्या मुलीला माहीत होतं. माझा मुलगा मरणार हे तिला माहीत होतं, आणि ती गप्प बसली." तू मागे टोमॅटो मोजत होतीस असं ऐकलं. पुढच्याच आठवड्यात तुला काकांकडे पाठवलं.

तुझ्या वडिलांनी मला त्यानंतर एकदाच फोन केला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला. अशी गोष्ट मोठ्यांना सांगायची असते हे माझ्या मुलीला शिकवलं होतं का? मी म्हटलं की वर्गात वाटलेल्या फोल्डरमध्ये लिहिलेलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

तुला आठवत असेल, पिवळं पान, चौथं. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, पण तीन गोष्टींत न्यायचंच. त्यात पहिलीच ही होती, की समोरचा माणूस स्वतःच्या जिवाचं काही करून घ्यायचं बोलत असेल तर. मुलं फोल्डरमधलं सगळं वाचत नाहीत हे मला कळतं. मीही त्या वयात वाचलं नसतं. यासाठी तू स्वतःला इतकी शिक्षा करून घेऊ नकोस. तू सोळा वर्षांची आहेस.

गर्मी सुरू झाली. काल एकशे सहा फॅरनहाइट. तुझ्या वडिलांकडून मी आता भाजी घेत नाही, त्यांना अवघड वाटू नये म्हणून.

तुझी,
मिस बारागान


फ्रेझ्नो
२१ सप्टेंबर २०१९

काशिया,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. पहिल्या तीन वेळा हवापाण्यापासून केलं. आता तसं करत नाही.

ते चौथं पान तुझ्या फोल्डरमध्ये नव्हतं. कुणाच्याच नव्हतं.

मंगळवारी नव्या वर्षाच्या तयारीसाठी कपाट उघडलं. खालच्या फळीवर पिवळ्या कागदांचा गठ्ठा होता, रबर लावलेला. बारा प्रती. मी त्या मोजल्या, तेव्हा मला धक्का बसला असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. त्या तिथे आहेत हे मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. मी त्या फळीकडे बघत नव्हते, एवढंच.

त्या शनिवारी काय झालं ते आता सरळ लिहिते. तुझ्या लक्षात जे आहे ते बरोबर आहे, हे तुला कळावं म्हणून.

नऊ फेब्रुवारी. ऐकण्याचा सराव होता. जोड्या केल्या, तू आणि चेके एकत्र. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकायचं, मग उलट. सुरू करण्याआधी मी फळ्यावर नियम लिहिला: इथे ऐकलेलं बाहेर जात नाही. दोनदा लिहिला, खाली रेघ मारली. मुलांनी मोकळं बोलावं म्हणून मी तो फार जोरात सांगितला. म्हटलं, तुमच्या आईला नाही, मित्राला नाही, मलासुद्धा नाही. हे "मलासुद्धा नाही" माझेच शब्द आहेत. उरलेला अर्धा नियम, म्हणजे कधी सांगायचंच, तो सरावानंतर शिकवायचा आणि तेव्हाच पिवळं पान वाटायचं, असं माझ्या टाचणात होतं.

पण अकरा वाजता पाहुणे आले. आपल्या वर्गाला मदत देणाऱ्या संस्थेची तीन माणसं आणि एक फोटो काढणारी. ते साडेअकराला येणार होते. त्यांना वेगवेगळ्या रंगांची मुलं एका चौकटीत हवी होती. तुला आठवत असेल, त्यांनी तुला पुढे बसवलं आणि ओडेसाला तुझ्या खांद्यावर हात ठेवायला सांगितलं. मी टाचणाकडे पाहिलं आणि ठरवलं, ते पुढच्या शनिवारी घेऊ. एक आठवड्याने काय बिघडतं.

फोटो झाले, खाणं झालं. तू आणि चेके गाडीची वाट बघत पार्किंगच्या कठड्यावर बसलात. तू शाळेला जे लिहून दिलंस ते मी वाचलं आहे. तो म्हणाला, माझं बोलणं अर्धवट राहिलं. मग त्याने विचारलं, "नियम चालू आहे ना?" आणि तू म्हणालीस, "हो."

बुधवारी तो गेला.

शुक्रवारी बैठक झाली. मुख्याध्यापक, मंडळाचे वकील आणि मी. वकिलांनी विचारलं, कधी सांगायचं हे मुलांना सांगितलं होतं का? मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगणार होते, असं मला वाटतं. बाहेर आलं ते असं, की ते लेखी दिलेलं आहे, फोल्डरमध्ये आहे. वकिलांनी ते लिहून घेतलं. पुन्हा कुणी विचारलं नाही. एक फोल्डर कुणी उघडून बघितला असता तर मी तिथेच पकडले गेले असते. मी रोज वाट बघायचे की कुणीतरी उघडेल. कुणाला गरज पडली नाही. माझ्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास होता, आणि तुझ्या शब्दाची कुणाला आठवण राहिली नाही.

तू म्हणाली होतीस, "मिसने सांगितलं होतं, कुणालाच नाही." त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

पुढे जे झालं ते तुझ्यावर आलं. मी मात्र तुला पत्रं लिहिली, तू पान वाचलं नसशील म्हणून. तुझ्या वडिलांना फोनवर तेच सांगितलं. मी माणसांची मनं समजून घेण्याचं काम करते, म्हणून मला हेही माहीत होतं की अशाने मुलगी स्वतःच्याच आठवणीवर विश्वास ठेवेनाशी होते. माहीत असूनही केलं. वर्ग टिकला पाहिजे, अकरा मुलांचं काय होईल, असं स्वतःला सांगत होते. त्यात मुलांसाठी थोडं होतं. बाकी सगळं माझ्यासाठी होतं.

या आठवड्यात मी ओफेलियाकडे जाणार आहे, मग तुझ्या वडिलांकडे, मग मंडळाकडे. आधी तुला लिहिते कारण आधी तुझं देणं लागते.

उलालिया बारागान


फ्रेझ्नो
२७ ऑक्टोबर २०१९

काशिया,

ठरवलं होतं त्याप्रमाणे गेले. काय झालं ते तुला कळायला हवं.

ओफेलिया स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तिने गॅस बंद केला, धाकट्या मुलीला अंगणात पाठवलं आणि खुर्ची खिडकीजवळ सरकवली. म्हणाली, "इथे बसा, डॉक्टरीणबाई. उजेडात. आणि परत सांगा, सावकाश." मी परत सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आम्ही पट्ट्यावर डागाळलेलं फळ शोधायचो तशी. मग तिने विचारलं, ते फोटो कुठे आहेत. मी म्हटलं, संस्थेच्या कार्यालयात लावलेत. "चेके आहे त्यात?" मी हो म्हटलं. "हसतोय?" मी हो म्हटलं.

 ती म्हणाली, "सात महिने मी त्या पोरीला शाप दिले. रोज, देवासमोर मेणबत्ती लावून. ते आता कुठे नेऊन टाकू?"

 उत्तर तिला माझ्याकडून नको होतं. तिने दार उघडून धरलं.

तुझे वडील बाजारात होते. गवती चहाच्या जुड्या बांधत होते. मी बोलत असताना त्यांचे हात थांबले नाहीत. माझं झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की हे लिहून द्याल का, सही करून. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी तुझा विषय बैठकीत घेतला होता आणि माझ्या फोनवरच्या शब्दावरून दोष तुझा ठरवला होता, हे मला तेव्हा कळलं. मी तिथेच टोमॅटोच्या खोक्यावर कागद ठेवून लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात." आवाज चढवला नाही. एक गिऱ्हाईक कारल्याचा भाव विचारायला आलं, ते तिकडे वळले.

मंडळाने मला घरी बसवलं आणि पुढच्या आठवड्यात माझा राजीनामा घेतला. परवान्याचं काय करायचं ते राज्याचे लोक ठरवतील, मी त्यांना स्वतःच कळवलं आहे. वर्ग बंद झाला. शेवटच्या शनिवारी मुलांना मीच सांगावं अशी माझी इच्छा होती, पण मला शाळेच्या आवारात जायला मनाई होती. म्हणून ओडेसा घरी आली. तिला वाटत होतं मी तिला समजावीन. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मिस, आम्ही काशियाशी बोलणं सोडलं होतं. तिने फोन केला तर मी कट करायचे." मग ती माझ्या पायरीवर बसून रडली आणि मी तिच्याजवळ जायचं की नाही हे मला कळेना. गेले नाही. जायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

आठ मुलांपैकी तिघांनी तरी हे शिकायचं ठरवलं होतं. आता ती कुणाकडे जातील माहीत नाही.

मी तुला परत ये म्हणणार नाही. ते म्हणण्याचा हक्क मला एप्रिलमध्येही नव्हता.

उलालिया बारागान


फ्रेझ्नो
१५ डिसेंबर २०१९

काशिया,

कालच्या फोनवर मला माझं म्हणून एक वाक्यही बोलता येत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून आज लिहिते. तुला माहीत नसलेलं थोडंसंच आहे.

गेल्या शनिवारी दाट धुकं होतं, बाजारात समोरचा गाळा दिसत नव्हता. त्यातून ओफेलिया तुझ्या वडिलांकडे गेली. मी तिथे नव्हते, तिने मला नंतर सांगितलं. तिने आधी आजूबाजूच्या गाळ्यांवरच्या बायकांना हाक मारून जवळ बोलावलं. मार्चमध्ये ज्यांनी ऐकलं होतं त्यांनीच ऐकावं म्हणून. तिला इंग्रजी मोडकंतोडकं येतं, त्यातच ती म्हणाली, "मी तेव्हा खोटं बोलले. मला माहीत नव्हतं ते खोटं आहे. मुलगी चांगली आहे. माझी चूक." तुझे वडील गाळ्याच्या बाहेर आले.  मग त्यांनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुझा नंबर लिहून दिला.

आठवडाभर तो पुठ्ठा तिच्या फ्रिजवर होता. काल ती माझ्या दारात आली. म्हणाली, मला त्या पोरीशी फोनवर बोलायचंय, तिला स्पॅनिश येत नाही, मला धड इंग्रजी येत नाही. माझी धाकटी भाषांतर करते म्हणते, पण अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून मला हे ऐकायचं नाही. "तुम्ही करा. तुमच्यावर माया आली म्हणून नाही. हे दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नाही, आणि तुम्हाला सगळं आधीच माहीत आहे."

मी तिच्या घरी गेले. मी भाषांतर केलं तर चालेल का, असं तुला आधी विचारलं. मग तू म्हणालीस, "चालेल. पण शब्द बदलू नका."

मी बदलले नाहीत. भाषांतर करणाऱ्याने समोरच्यासारखंच "मी" म्हणायचं असतं. म्हणून तू बोललीस ते सगळं मी माझ्या तोंडाने म्हटलं. मी कठड्यावर बसले होते. त्याने मला विचारलं, नियम चालू आहे ना. मी हो म्हटलं. पुढचं वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. ओफेलियाने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि हाताने खूण केली, पुढे.

तू म्हणालीस, तो बराचसा वेळ कुत्र्याबद्दलच बोलत होता. फिजिक्सच्या सरांची नक्कल केली. मग म्हणाला, मी फार दमलोय, झोपूनही जात नाही. तू म्हणालीस, आईला सांग. तो म्हणाला, आईला सांगितलं तर ती रजा घेईल, संत्र्यांचा हंगाम ऐन भरात आहे, तिला कामावरून काढतील.

मी हे स्पॅनिशमध्ये सांगितलं. ओफेलियाने टेबलावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग ती म्हणाली, "घेतली असती रजा."

मला हे इंग्रजीत सांगायचं होतं. तीनच शब्द, पण जुळवायला मला फार वेळ लागला. ते तुझ्यापर्यंत गेल्यावर तुझ्याकडून फक्त श्वासाचा आवाज येत होता. ओफेलियाने विचारलं, ती रडतेय का. मी म्हटलं, माहीत नाही. ती फोनच्या जवळ सरकली आणि स्पॅनिशमध्येच तुझ्याशी बोलायला लागली. मी भाषांतर सुरू केलं तर तिने मला गप्प केलं. ती काय म्हणत होती ते तुला कळलं नसेल. शब्दाला शब्द असं काही नव्हतंच त्यात. लहान मूल पडलं की आमच्याकडे आया जे बोलतात, ते होतं.

नंतर तिने विचारलं, तिकडे थंडी फार का, काकू नीट वागते का, शिकतेस ना. तू म्हणालीस, शिकते. ती म्हणाली, चेकेसारखं? ते मनाचं? तू म्हणालीस, "नाही. ते नाही." तिने विचारलं मग काय, आणि तू म्हणालीस अजून ठरवलं नाही. मी "ते नाही" चं भाषांतर केलं. शब्द बदलला नाही.

शेवटी ओफेलिया उठून चुलीपाशी गेली तेव्हा तू म्हणालीस, "मिस, आता बोलते ते त्यांना सांगू नका. तुमच्यासाठी आहे." मी फोन कानाला लावला.

तू म्हणालीस, "तुमची सगळी पत्रं मिळाली. तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत. पण इकडे पाठवायच्या आधी बाबांनी माझा फोल्डर जाळला होता. त्यामुळे मला तपासता येत नव्हतं. मी डोळे मिटून ते पिवळं पान आठवायचे. जूनच्या पत्रानंतर ते मला दिसायलाही लागलं. मी ते उलटून पुढे गेले असंही आठवायला लागलं. सात महिने मी ते पान वाचायला विसरले होते, मिस. जे पान नव्हतंच."

मी काही बोलायच्या आत तू फोन ठेवलास.

ओफेलियाने वळून विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, माझ्याशी बोलली. तिने मान हलवली, पुन्हा विचारलं नाही. तिने माझ्यासमोर डाळीची वाटी ठेवली आणि स्वतः उभी राहून खाल्लं.

काल रात्रीपासून मी त्या सात महिन्यांचं उत्तर शोधते आहे.  माफी मागितली तर ते पुन्हा तुझ्याकडूनच काही घेणं होईल, म्हणून मागत नाही.

हे शेवटचं पत्र. एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं की उत्तर लिहायलाच हवं असं काही नाही, आणि रोज पत्रपेटी उघडत होते. आता तेच पुन्हा लिहिते आहे. या वेळी पेटीकडे जाणार नाही.

उलालिया बारागान